काकाजींचा अखर्चित डेटा

काकाजी भेटले की नमस्काराच्या जागी "कितीचा मारला?" असं विचारतात. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे नवखा माणूस हा प्रश्न ऐकून आधी आजूबाजूला बघून घेतो. काकाजींना रिचार्ज म्हणायचं असतं. तुम्ही 299 म्हणालात की ते डोळे बारीक करून "अठ्ठावीस दिवस, रोजचा दीड जीबी" असं पुटपुटतात आणि मान डोलावतात. 349 म्हणालात तर "फाइव्ह-जी फोन हाये का? नाई? मंग वरचे पन्नास कायचे देल्ले?" अशी चौकशी लागते. आणि तुम्ही "पोरगा मारून देतो, मला काही माहीत नाही" असं म्हणून गेलात, तर त्या दिवसापासून काकाजींच्या लेखी तुम्ही अज्ञान. तुमची सही पुढे कशावरही चालत नाही.

काकाजी पिपरी मेघेत आमच्या गल्लीत राहतात, म्हणून आमचे. पण ही जात एकट्या पिपरीची नाही. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत ज्या घरात एक निवृत्त माणूस आणि चार मोबाइल आहेत, तिथं एक काकाजी असतोच. आमच्या काकाजींची उभी हयात जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली. त्या खात्यात माणूस कायमचा एक गोष्ट शिकतो: आलेला निधी मुदतीत खर्च झाला नाही तर तो परत जातो, आणि परत गेलेल्या निधीचा जाब टेबलावरच्या माणसाला द्यावा लागतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू. आता काकाजी सुटले, पण मोबाइल कंपन्यांनी त्यांच्यासाठी नवीच सोय केली. रोजचा दीड जीबी रात्री बारा वाजता परत जातो. म्हणजे काकाजींच्या घरात रोज रात्री 31 मार्च.

साडेअकराला ते चष्मा लावून उठतात आणि घरात फेरी मारतात.

"बाई, तुह्याकडं किती उरला?"

सून झोपेतून म्हणते, "पाहिलं नाही, बाबा."

"सहाशे एमबी पडून हाये. आता अर्ध्या तासात जाईन तो!"

"जाऊ द्या ना."

हे "जाऊ द्या ना" काकाजींना सहन होत नाही. ते सुनेचा फोन घेऊन ओसरीत बसतात आणि सहाशे एमबी मार्गी लावतात. काय उतरवलं याला महत्त्व नाही, खर्ची पडला पाहिजे. त्यांच्या नातवाने एकदा मला ती सगळी माया दाखवली. गुजराती पाककृतींचे व्हिडिओ, कन्याकुमारीपर्यंतचे नकाशे, एक तेलुगू सिनेमा अर्धा, शेळीपालन भाग चौथा (पहिले तीन नाहीत), आणि हनुमान चालीसा अकरा आवाजांत. घरात शेळी नाही. तेलुगू कुणाला येत नाही. महिन्याभरात घरातले सगळे फोन भरून वाहू लागले, तेव्हा काकाजींनी प्रत्येकाला एकेक मेमरी कार्ड आणून दिलं. वाया जाणारा डेटा वाचवायला किती खर्च आला, हे मी विचारलं नाही. ते वेगळ्या लेखाशीर्षात येतं.

हा स्वभाव डेटामुळे आलेला नाही, हे आधी सांगायला हवं. एसटीडी बूथच्या दिवसांत रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा. तेव्हा काकाजी अकराला पाच कमी असताना बूथपुढच्या रांगेत पहिले असत, आणि अकराचे ठोके पडेपर्यंत मागच्या माणसाला पुढे जाऊ देत. एवढा परोपकार त्यांनी इतर कशात केल्याचं ऐकिवात नाही. मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 1 मे 2003 पासून ते थांबलं. तोवर काकाजींनी मिस्ड कॉलची संहिता तयार केली होती. एक रिंग म्हणजे पुलगाव सुटलं, दोन म्हणजे वर्धा स्टेशनावर पोचलो, तीन म्हणजे सायकल घेऊन ये. चार रिंगा म्हणजे उचल, खरंच काम आहे. मुलगा कधी चौथीपर्यंत थांबत नसे, म्हणून खरं काम नेहमी राहून जाई. पुढे 2009 मध्ये सेकंदाला पैसा असे दर आले, तेव्हा काकाजी वाक्य क्रियापदापर्यंत न नेता तोडू लागले. "उद्या तेरवीला देवळी..." एवढंच ऐकून लोकांनी काय ते समजायचं. 2011 च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली, आणि काकाजींना हयातीत पहिल्यांदा बंडखोरी करायची संधी मिळाली. त्यांनी ती इतक्या वेळा केली, की आता त्यांचा नंबर कोणत्या कंपनीचा हे त्यांना स्वतःला खिशातली चिठ्ठी पाहून सांगावं लागतं.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ विचाराल तर तो सप्टेंबर 2016 ते मार्च 2017. जिओ आलं आणि सगळं फुकट झालं. लोक आनंदाने वेडे झाले होते, सेवाग्रामच्या बसमध्येही माणसं सिनेमे बघत होती, आणि काकाजी दिवसेंदिवस सुकत चालले होते. ज्याची किंमत नाही त्याची तुलना कशाशी करायची? काकू तर डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करत होत्या. एप्रिलमध्ये पैसे लागायला सुरुवात झाली, आणि काकाजी पुन्हा दोन पोळ्या जास्त खाऊ लागले.

पाहुणे आले की काकाजी त्यांना सेवाग्रामला नेतात. बापू कुटी, आदी निवास, सगळीकडे हात जोडून झपाझप पुढे. थांबतात ते दफ्तराशी. तिथे साप पकडायचा पिंजरा आहे, त्याकडे पाहुणे बघतात. काकाजी बघतात टेलिफोनकडे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून हा फोन बसवला होता. सगळं सांगून झाल्यावर माहिती देणारा कार्यकर्ता "काही शंका?" विचारतो, तेव्हा काकाजींची शंका ठरलेली: "याचं बिल कोन भरत होतं?" एकदा एका दिल्लीच्या पाहुण्याने हसून विषय बदलायचा प्रयत्न केला, तर काकाजी म्हणाले, "हासू नका. ज्यानं भरलं त्यानं बोलावं, हा नेम हाये." गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, एवढा एक गांधीविचार मात्र त्यांनी पूर्ण अंगी बाणवलाय. त्यांचे सगळे हिशेब लग्नपत्रिकांच्या पाठीवर असतात. आमच्या गल्लीत कुणाचं लग्न कधी झालं हे शोधायचं असेल, तर काकाजींचे जुने रिचार्ज काढावे लागतात.

अशाच एका पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी तो मोठा हिशेब मांडला. 2024 च्या जुलैत जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनी पाठोपाठ दर वाढवले. जिओचा 239 चा प्लॅन एका रात्रीत 299 झाला. काकाजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यावर त्यांचा राग जुनाच आहे. "सालात तेरा रिचार्ज. आपल्याकडं अधिक महिना तीन सालानं येते, यांच्याकडं दर सालीच धोंडा!" 2022 च्या जानेवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाने प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं, ते आपल्याच अर्जावरची कारवाई आहे असं ते मानतात. अर्ज त्यांनी केला होता. दिल्लीला पाठवला की नाही, ते माहीत नाही, पोस्टाचं तिकीट महाग झालं होतं. चौऱ्यांशी दिवसांचा 799 चा प्लॅन स्वस्त पडतो, हे मी सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "तीन महिन्याचे पैसे आधी देऊ? अन् व्याज कोन देईन, तू?"

तर हिशेब असा. घरात पाच माणसं: काकाजी, काकू, बुटीबोरीच्या कारखान्यात जाणारा मुलगा, खासगी शाळेत शिकवणारी सून आणि अकरावीतला नातू. प्रत्येकी 299, वर्षात तेरा वेळा, म्हणजे माणशी 3,887. पाच जणांचे 19,435. हा आकडा त्यांनी दोनदा गिरवला आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग दुसरा रकाना. घरभर मिळून एकच पोस्टपेड घ्यायचं. जिओचा 449 चा प्लॅन, 75 जीबी महिन्याला, त्यावर 150 रुपये प्रत्येकी देऊन आणखी तीन सिम, आणि प्रत्येक सिममागे 5 जीबी जादा. एकूण 899 रुपयांत चौघांना 90 जीबी. सून म्हणाली, "बाबा, हे तर खूप स्वस्त आहे." काकाजी नुसते हसले. लेखा विभागातल्या माणसाला जाहिरातीतला आकडा दाखवून फसवता येत नाही. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो, पोस्टपेडच्या किमतीत नसतो. 899 वर 18 टक्के म्हणजे 161 रुपये 82 पैसे. महिन्याचे झाले 1,060 रुपये 82 पैसे, वर्षाचे 12,729 रुपये 84 पैसे. ते 84 पैसेही पत्रिकेवर होते, वधूच्या आजोळच्या नावांच्या बरोबर मागे.

पाचव्या माणसाचं काय? पाचवे काकाजी स्वतः. 2024 च्या डिसेंबरात ट्रायचा आणखी एक आदेश निघाला, की ज्याला इंटरनेट नको त्याला नुसत्या बोलण्याचा प्लॅन मिळालाच पाहिजे. त्यानुसार एअरटेलचा 1,849 रुपयांत 365 दिवसांचा निघाला. "मले कायले पायजे नेट?" असं म्हणत त्यांनी तो स्वतःच्या नावावर मांडला. सगळी बेरीज 14,578 रुपये 84 पैसे. वार्षिक बचत 4,856 रुपये 16 पैसे. इथे त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागितलं.

पण झोप लागली नाही. रात्री त्यांच्या लक्षात आलं, की प्रीपेडवर जीबी पडतो सव्वासात रुपयांच्या आत, आणि या सामायिक प्लॅनवर जवळजवळ पावणेबारा. बिल कमी आणि भाव जास्त! बाजार समितीत कापूस विकलेल्या बापाच्या पोराला हे कसं पचणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या फाटकाशी उभे. "सांग आता, हे सस्तं का महाग?" मी म्हटलं, वापरावर आहे, सगळे मिळून महिन्याला नव्वदच्या आत राहिले तर स्वस्त. काकाजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. नव्वदच्या आत ठेवणं म्हणजे काटकसरीचे उपाय योजणं. म्हणजे परिपत्रक.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. काकाजींचं वडिलोपार्जित वावर देवळी तालुक्यात. तीन भावांत सामायिक होतं. त्याची वाटणी व्हावी म्हणून सगळ्यांत जास्त कोण भांडलं, तर काकाजी. "सामायिकात कोनाचंच राहत नाई, ज्याचं त्याले नेमून द्या" हे त्यांचं वाक्य नातेवाईक अजून ऐकवतात. तोच माणूस आता घरातल्या रोजच्या दीड जीबीचे नेमून दिलेले वाटे मोडून एकाच बांधात आणायला निघाला होता. मुलाने हे बोलून दाखवलं. काकाजी म्हणाले, "तवा मी लहान भाऊ होतो. आता मोठा हाये."

सभा झाली. काकूंना 15, मुलाला 25, सुनेला 20, नातवाला 20, आणि 10 जीबी आकस्मिक निधी, जो काकाजींच्या पूर्वपरवानगीने खर्ची टाकायचा. पहिल्या आठवड्यातच घराची रीत बदलली. पूर्वी रात्री साडेअकराला "अजून खर्च करा" म्हणत फिरणारा माणूस आता सकाळी साडेसहाला "बंद करा" म्हणत फिरू लागला. सुनेने शाळेच्या ग्रुपवर आलेला गॅदरिंगचा व्हिडिओ उघडला, की ओसरीतून आवाज: "किती एमबीचा हाये?" मुलगा रेल्वेत बसून क्रिकेट बघायचा, तो आता शेजारच्या माणसाच्या मोबाइलात बघू लागला. नातवाने सर्वांत सोपा मार्ग काढला. तो अभ्यासाला आमच्या ओट्यावर बसू लागला. पोरगा एवढा मन लावून वाचतो याचं मला कौतुक वाटत होतं, माझ्या वायफायचा पासवर्ड त्याला ठाऊक आहे हे कळेपर्यंत.

आणि काकाजी? इंटरनेट नको म्हणणाऱ्या माणसाला इतर कंपन्यांचे प्लॅन रोज बघायचे असतात. ते काकूंच्या हॉटस्पॉटवर. तो खर्च ते "प्रशासकीय" म्हणून वेगळा दाखवत.

बावीस तारखेला मेसेज आला: डेटा संपला. आता पुढच्या प्रत्येक जीबीला दहा रुपये. काकाजींनी नातवाला बसवून ॲपमधून नंबरवार वापर काढायला लावला. नातू मुकाट्याने बसला, कारण संशय त्याच्यावरच होता. त्याचे निघाले नऊ. (उरलेले माझे.) मुलाचे एकोणीस. सुनेचे सतरा. बेरीज पंचेचाळीस. बाकीचे पंचेचाळीस एका नंबरावर, आणि तो नंबर काकूंचा.

काकाजींनी दोनदा चष्मा पुसला. प्रशासकीय खर्च फार तर पाच-सहा. मग चाळीस जीबी गेले कुठे? काकू रात्री कीर्तन लावून झोपतात. कीर्तन संपतं, काकू झोपलेल्या, फोन आपला एकामागून एक बुवा लावत पहाटेपर्यंत जागा. प्रीपेड होतं तेव्हा दीड जीबी संपला की वेग 64 केबीपीएसवर यायचा आणि बुवा हात वर करून, तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबायचे. त्या थांबलेल्या बुवांनी इतके दिवस घर वाचवलं होतं. सामायिक प्लॅनमध्ये बुवांना अडवणारा कुणी उरला नाही.

आक्षेप काढणं भाग होतं. काकाजी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत तव्यावर भाकर होती. "तुह्या नंबरवर पंचेचाळीस जीबी गेले," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

काकूंनी भाकर उलटली. "चाळीस वर्सं तुमचं ऐकून राह्यली, त्याचं बिल कोनाले धाडू?"

काकाजी परत ओसरीत आले. पत्रिकेवर काकूंच्या नावापुढे त्यांनी लिहिलं: खुलासा मान्य, आक्षेप वगळण्यात येतो. त्या महिन्यात वरचं बिल भरलं ते मुलाने, कुणाला न सांगता.

त्यानंतर घरात फायबर आलं. महिन्याला 399 अधिक कर, वेग 30 एमबीपीएस, डेटा अमर्याद. चार दिवस काकाजी उदास होते. पुन्हा 2016 येतं की काय, अशी धास्ती होती. पाचव्या दिवशी त्यांनी अटी शेवटपर्यंत वाचल्या आणि उजळून बाहेर आले. अमर्यादलाही मर्यादा आहे: 3,300 जीबी. त्यानंतर वेग कमी. "म्हंजे दिवसाले एकशे दहा जीबी," ते म्हणाले, "अन् आपन वापरून राह्यलो तीन!" रोजचे एकशे सात परत जातात. हा एवढा मोठा अखर्चित निधी त्यांनी जिल्हा परिषदेतही कधी बघितला नव्हता. शिवाय माकडं केबलवर झोके घेतात, आणि आठवड्यातून एखादा दिवस सगळं बंद असतं. त्या बंद दिवसांची वजावट मागणारे अर्ज त्यांनी सुरू केले आहेत. प्रकृती उत्तम आहे.

रिचार्ज अजूनही ते आर्वी नाक्यावरच्या दुकानातच करतात, कारण ॲपवर दोन-तीन रुपये जादा पडतात. दुकानातलं पोरगं त्यांना लांबून बघून शटर अर्धं ओढतं. काकाजी वाकून आत जातात, तासभर सगळ्या प्लॅनांची चौकशी करतात, दोन रुपये वाचवतात आणि बाहेर येऊन तीस रुपयांचे तर्री पोहे खातात. पोह्यांचा हिशेब त्यांच्याकडे नाही. तर्री दुसऱ्यांदा फुकट मिळते, एवढं त्यांना पुरतं.

एरवी माणूस सोन्यासारखा आहे. रात्री-अपरात्री सावंगीच्या दवाखान्यात न्यायला हाक मारली, तर पहिले तेच येतील आणि रिक्षाचं भाडंही स्वतः देतील, वर त्याचा उल्लेख करणार नाहीत. तुम्ही कधी पिपरीला आलात तर त्यांना जरूर भेटा. "कितीचा मारला?" असं विचारतीलच. तेव्हा आकडा सांगू नका, आणि माहीत नाही असंही म्हणू नका. "ऑफिसचं सिम आहे, बिल कंपनी भरते," असं सांगा. ते एक सुस्कारा सोडतील आणि चहा पाजतील.